अर्बाबला फुल हाउस हवं होतं

गेल्या हिवाळ्यात आमची टीम जिंकली की आमच्या घरात सुतकी शांतता पसरायची.

आमची टीम म्हणजे आमच्या मालकीची नव्हे. आयवन, माझा नवरा, मस्कतच्या एका बेसबॉल क्लबात नोकरीला आहे. (हो, बेसबॉल! मलाही लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर मी वसईतच थांबले असते.) खेळाडू सगळे पगारी. कुणी जपानचा, कुणी नकाशात बोट ठेवलं तर बोटाखाली झाकून जाईल अशा बेटावरचा. आखातातल्या चार शहरांच्या टीम आपापसांत खेळतात. आमच्या टीमचं नाव ‘टर्टल्स’. नावाची कासवं, पण पळतात सशासारखी आणि उठसूट जिंकतात. आयवनचं काम एकच, प्रेक्षक आणायचे. आणि प्रेक्षक काही केल्या यायचे नाहीत!

टीम हरत असती तर किती बरं झालं असतं! “लोक येत नाहीत, कारण आपण हरतो,” एवढं सांगून आयवन सुटला असता. पण ही माणसं जिंकत सुटलेली. प्रत्येक विजयानंतर क्लबचा मालक, म्हणजे अर्बाब, एकच प्रश्न विचारायचा, “जीतता है, तो पब्लिक किधर है?” मी तर सेंट अँथनीला मेणबत्ती लावून चक्क मागणं मागायला लागले होते, “बाबा, या शुक्रवारी एकदा तरी हरव रे यांना!”

होम गेमला, म्हणजे आपल्या मैदानावरच्या मॅचला, स्टँडमध्ये कोण? मी, आमची रिया आणि एका खेळाडूची बायको, जी मोबाइलवर आपल्या आईशी बोलत बसायची. मोठ्या पडद्यावर प्रेक्षकांना दाखवायचा एक कॅमेरा होता. तो बिचारा सगळ्या रिकाम्या खुर्च्यांवरून फिरून फिरून पुन्हा आमच्याकडेच यायचा. मी घाबरून हात हलवायचे.

“मम्मा, प्लीज हात नको हलवू,” रिया म्हणायची. इंडियन स्कूलची पोरगी, मराठी बेताचं. “सगळे आपल्याला बघते.”

“सगळे म्हणजे कोण, बाळा? आहे कोण इथे?”

त्यात बेसबॉलचा चेंडू! फलंदाजाने वेडावाकडा मारला की तो थेट स्टँडमध्ये येतो. भरलेल्या स्टँडमध्ये तो कुणाच्याही डोक्यात बसू शकतो. आमच्या स्टँडमध्ये त्याला निवडीला वावच नव्हता! मी रियाचं सायकलचं हेल्मेट घालून बसायला लागले. तेही पडद्यावर दिसलं.

मग एका सोमवारी आयवन अझैब्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये शिरला तो भिंत धरत.

“जिंकले?” मी दबक्या आवाजात विचारलं.

“तसलं काही नाही. अर्बाबने बोलावलं होतं. शुक्रवारी त्याचे पाहुणे येणार आहेत. मोठी माणसं. त्याला फुल हाउस पाहिजे.”

“मग तू काय म्हणालास?”

“इन्शाल्ला म्हणालो. तर म्हणतो, नो इन्शाल्ला! फुल हाउस. नहीं तो खलास.”

खलास! हा शब्द इथे भाजीवालासुद्धा कोथिंबीर संपली की वापरतो. पण अर्बाबच्या तोंडून आला की त्यात नोकरी येते, नोकरीबरोबर व्हिसा, व्हिसाबरोबर फ्लॅट आणि रियाचं दहावीचं वर्ष. माझ्या डोळ्यांसमोर आम्ही तिघं विमानतळावर बॅगांवर बसलेलो दिसायला लागलो. रिया हेल्मेट घालून!

भीतीने माणूस एकतर गप्प बसतो, नाहीतर पुढाकार घेतो. मी नको तिथे पुढाकार घेणाऱ्यांपैकी. “मी आणते लोक,” मी म्हटलं.

मस्कतमध्ये वसईकरांचा आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. स्वयंपाक करता करता मी त्यावर आवाजी निरोप टाकला. एका बाजूला कुकरची शिट्टी, दुसऱ्या बाजूला मिक्सर. “शुक्रवारी चर्चमध्ये मिस्साला जाऊन या आणि चार वाजता सीबच्या पुढच्या मैदानावर या हं सगळे. होम गेम आहे. फुल हाउस व्हायलाच पाहिजे! बक्षिसं आहेत, कुकर, मिक्सर, सगळं. समोसे आणि चहा फुकट. बस पाठवते.”

पाच मिनिटांत ग्रुप पेटला. अंगठे, टाळ्या, नाचणाऱ्या बायका! जी माणसं बारशालासुद्धा उत्तर देत नाहीत, ती विचारायला लागली, “पाहुणे आणले तर चालतील?” कुणी म्हणालं, सोहारहून भाऊ येतोय. एकाने विचारलं, “पेन आणायचं का?”

मला गहिवरून आलं. खेळाडूंच्या सह्या घ्यायला पेन! “आणा, आणा,” मी लिहिलं. “प्रत्येकाने आणा.”

शुक्रवारी एक बस पुरेना, मग दुसरी मागवली. पहिली बस रत्नागिरीच्या सलीमभाईंची. ते दार उघडून ओरडत होते, “यल्ला, यल्ला! चला लवकर! वहिनी, जत्रा हाय का काय?” मी पहिल्या सीटवर बसले. शेजारी फिलूमावशी. त्या कुणाच्या सख्ख्या मावशी नाहीत, पण मस्कतमधल्या प्रत्येक वसईकराला त्यांनी एकदा तरी रागावलेलं आहे. मांडीवर त्यांनी एक डबा घट्ट धरला होता.

“मावशी, खाऊ आणलात?”

“खाऊ कसला? तिकिटं. तुम्हां पोरांवर माझा विश्वास नाही. गेल्या नाताळात नंबर डबल निघाले होते. आज हाउझी माझ्या तिकिटांवरच होणार.”

हाउझी!

माझ्या कानात कुकरची शिट्टी वाजली. होम गेम. फुल हाउस. बक्षिसं. पेन! आमच्या लोकांना लग्न असो, वाढदिवस असो, चर्चची फेस्त असो, हाउझीशिवाय, म्हणजे तंबोल्याशिवाय, करमत नाही, आणि हाउझीत सगळ्यात मोठं बक्षीस कशाला, तर तिकिटावरचे सगळे नंबर खोडले गेले की, म्हणजेच फुल हाउसला! सगळी बस नंबर खोडायला निघाली होती.

तेव्हाच उभं राहून खरं सांगायला हवं होतं. पण मागे वळून पाहिलं तर सगळे नटूनथटून आलेले, बायका बक्षिसाचा कुकर कुठे ठेवायचा यावर बोलत होत्या.

“मावशी,” मी कसंबसं म्हटलं, “तिथे थोडा बेसबॉलपण आहे.”

“असू दे गं,” मावशी म्हणाल्या. “मधेमधे करमणूक पाहिजेच.”

स्टँड भरला. आयवन दाराशी उभा राहून डोळे पुसत होता. “तू देवी आहेस,” तो मला म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. समोरच्या शामियान्यात अर्बाब पाहुण्यांसह येऊन बसला. त्याने भरलेला स्टँड पाहिला आणि मान हलवली. त्या मान हलवण्याने मला वाटलं, वाचलो बहुतेक.

मग मॅच सुरू झाली आणि मैदानाकडे कुणी पाहीच ना! मावशींनी तिकिटं वाटली होती; सगळ्या माना खाली, हातात पेनं. लाउडस्पीकरवरून निवेदकाने पहिल्या खेळाडूचं नाव आणि त्याच्या शर्टावरचा नंबर पुकारला, “नंबर ट्वेंटी-टू!”

बावीस म्हणजे हाउझीत दोन बदकं. अख्खा स्टँड एका सुरात ओरडला, “क्वॅक! क्वॅक!”

तो बावीस नंबरवाला, चांगला सहा फुटी गडी, दचकून मागे बघायला लागला. पुढच्याच चेंडूवर बाद! निवेदकाला मात्र वाटलं, काय हे प्रेम! तो आणखी खुलून नंबर पुकारायला लागला. इकडे पेनं चालू. बेसबॉलमध्ये तेच खेळाडू फिरून फिरून येतात. बावीस नंबर पुन्हा आला तेव्हा फिलूमावशी उभ्याच राहिल्या.

“झाला! हा नंबर झाला!”

“झाला! झाला!” सगळा स्टँड ओरडायला लागला. “चीटिंग! नवीन नंबर काढा!”

बावीस नंबरवाल्याने बॅट खाली ठेवली आणि आपल्या कोचकडे अशा नजरेने पाहिलं की मला रडूच आलं. तो या देशात एकटा आला होता हो! आणि आता आपल्याच मैदानावर आपलीच माणसं त्याला परत पाठवत होती.

“मम्मा,” रिया कुजबुजली, “हे लोक कोणाच्या साइडने आहे?”

मी हेल्मेट शोधत होते.

टर्टल्स मागे पडले. पहिल्यांदाच! शेवटचा डाव आला, त्यातही आपला एकच गडी बाद व्हायचा बाकी. एका धावेने बरोबरी होणार होती आणि आपला एक गडी शेवटच्या टप्प्यावर येऊन उभा. फलंदाजाने चेंडू मारला, तो गडी सुसाट ‘होम’कडे, म्हणजे अंपायर उभा असतो त्या जागेकडे, पळत सुटला, आणि त्याच क्षणी डॉमनिककाका उठले. हॉटेलात बेकरीवर आहेत. गुडघे दुखतात म्हणून बसमध्येसुद्धा पुढची सीट मागतात. ते कुंपण ओलांडून तिकीट फडकवत मैदानात!

“हाउस! फुल हाउस!”

एका बाजूने तो गडी, दुसऱ्या बाजूने डॉमनिककाका, दोघंही एकाच जागी निघालेले. गडी घाबरून जागच्या जागी थांबला. काका थांबले नाहीत. समोरच्या टीमच्या माणसाने शांतपणे येऊन गड्याला चेंडू टेकवला. खलास! मॅच गेली. काकांनी अंपायरच्या हातात तिकीट दिलं. “चेक करा,” म्हणाले.

माझा नवस असा फळला.

शामियान्यातून बोलावणं आलं. आयवन पुढे, मी मागे, आणि कुणी बोलावलेलं नसताना फिलूमावशी. अंपायरकडून ते तिकीट अर्बाबच्या हातात पोहोचलं होतं. त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं.

“ये क्या है? जुआ है?”

जुगार! या देशात! आता नुसता व्हिसा नव्हे, तुरुंगच. आयवनचा चेहरा खडूसारखा झाला. त्याने माझ्याकडे पाहिलं. बोलायला तर मलाच हवं होतं.

“नो, अर्बाब,” माझ्या तोंडून शिट्टीसारखा आवाज निघाला. “पैसा नहीं. कुकर!”

“कुकर?”

“प्रेशर. पाच लिटर.”

मी डोळे मिटले. तेवढ्यात फिलूमावशींचा आवाज आला. ती बाई देवालाही घाबरत नाही.

“अर्बाब, आपका नंबर बोलनेवाला बहुत स्लो है. और एक नंबर दो-दो बार बोलता है. उसको निकालो.”

मी एक डोळा उघडला. अर्बाब तिकीट पाहत होता. मग त्याचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं, राग. पण तो हसत होता! हसता हसता त्याने पाहुण्यांना अरबीत काहीतरी सांगितलं आणि तेही हसत सुटले. एकाने तर तिकीट मागून घेतलं.

“सब आदमी बैठा,” अर्बाब डोळे पुसत म्हणाला. “एक भी आदमी गया नहीं. गेम के बीच में ये करो, गेम बंद हो तब. पैसा नहीं. और वो बुड्ढा,” त्याने मैदानाकडे बोट केलं, “वो ग्राउंड में नहीं आएगा.”

डॉमनिककाका अजून अंपायरशी वाद घालत होते.

आयवनची नोकरी राहिली. आता डावांच्या मधल्या वेळात हाउझी होते, नंबर फिलूमावशी पुकारतात आणि स्टँड दर शुक्रवारी भरतो. बावीस नंबरवाल्याची आम्ही सगळ्यांनी जाऊन माफी मागितली, मावशींनी त्याला आमच्या वसईचं आंबट-तिखट इंदेल करून खाऊ घातलं. आता “क्वॅक क्वॅक” ऐकलं की तो हात हलवतो आणि लांबवर चेंडू मारतो. टीम पुन्हा जिंकायला लागली आहे. अर्थात मॅचहून परतताना कुणाला “कोण जिंकलं?” विचारलं, तर उत्तर येतं, “मिक्सर लोपीसबाईंना लागला.”

आणि मला मात्र परवा रियाच्या शाळेतून फोन आला. मस्कतमध्ये बेसबॉलचा प्रसार केल्याबद्दल मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलवायचंय. भाषणाचा विषय त्यांनीच ठरवलाय, ‘न घाबरता पुढे कसं यावं’. बेसबॉलमध्ये डाव किती असतात, तेसुद्धा मला अजून ठाऊक नाही. पण मी लगेच “हो, येते” म्हणून टाकलं.

नाही म्हणायची भीती वाटली हो!