भागवत सरांचे बोके

भागवत सरांनी कॅमेरा घ्यायचा असं ठरवलं तेव्हा माझी मुलगी रुखसार चौथीत होती. प्रत्यक्ष घेतला तेव्हा ती आठवी पास झाली होती. मधल्या चार वर्षांत सरांनी एकही फोटो काढला नाही, पण फोटोग्राफीवर त्यांच्याइतकं बोलणारा माणूस परतूर तालुक्यात दुसरा नव्हता.

मी कलीम. वाटूर फाट्यावर माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट साइज, लग्नं, बारसी, शाळेचे ग्रुप फोटो, तेवीस वर्षं हेच करतोय. सर हायस्कूलला भूगोल शिकवतात. शाळा सुटली की ते माझ्या दुकानात येऊन बसायचे आणि माझाच चहा पिऊन मलाच फोटोग्राफी शिकवायचे.

"कलीमभाई, तुम्ही लोक अजून क्रॉप सेन्सरवरच अडकून पडलात. जमाना फुल फ्रेमचा हाय."

"सर, गिऱ्हाइकाला सेन्सर दिसत न्हाई. त्याला त्याचं तोंड दिसतं."

यावर सर असे हसायचे, जसे परीक्षेत ढ मुलाचा पेपर तपासताना हसत असतील.

कॅमेऱ्याच्या आधी त्यांनी कॅमेऱ्याची बॅग घेतली. मग तिपाई घेतली. मग धूळ उडवायचा रबरी फुगा, काच पुसायचं फडकं आणि आभाळ गडद दाखवणारी गॉगलसारखी काच. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, यातलाच प्रकार. बॅग खांद्याला लावून ते शाळेतही जायचे. तिच्यात डबा असायचा.

दिवाळीत त्यांचा एक कॅमेरा पक्का व्हायचा. संक्रांतीपर्यंत मोबाईलवर कुणीतरी दिल्लीचा दाढीवाला त्या कॅमेऱ्यात खोट काढायचा, की ठरलेली सोयरीक मोडली. मग दुसरं स्थळ. लेन्सच्या बाबतीत तर विचारूच नका. विटांच्या भिंतीचे फोटो मोबाईलवर मोठे करकरून ते मला दाखवायचे, कोणत्या लेन्समध्ये कोपऱ्यातली वीट साफ दिसते ते. कोपऱ्यातल्या विटेचं एवढं कौतुक मी कुठल्या गवंड्यालाही करताना पाहिलेलं नाही. चार वर्षं असली भिंत पाहणाऱ्या माणसाने एकदा मान वर करून शाळेमागची चिंच टिपली असती, तरी मी त्यांना मानलं असतं.

पण हे सगळं मी गंमत म्हणून सहन करत होतो. बिघडलं ते आकांक्षाच्या लग्नात.

आकांक्षा म्हणजे सरांची पुतणी. सरांचे थोरले भाऊ रामकिसन यांची एकुलती एक मुलगी. लग्न ठरलं त्याच आठवड्यात तिची आई, गिरिजाबाई, दुकानात आल्या. बाई कमी बोलणाऱ्या. त्या दिवशी मात्र बसून सगळं सांगितलं. त्यांचं माहेर हसनाबादचं. वडील गेल्यावर भावाने, संपतने, जमिनीच्या हक्कसोडीच्या कागदावर सही मागितली. गिरिजाबाई एवढंच म्हणाल्या, विचार करून सांगते. बस. तेवढ्यावरून भाऊ बोलायचा बंद झाला. नऊ वर्षं ना राखी, ना भाऊबीज, ना फोन. सही त्यांनी पुढे वर्षभरातच दिली, पण भावाचा राग काही गेला नाही.

"कलीमभाऊ, संपत येतो म्हणलाय लग्नाला," त्या म्हणाल्या. "आकांक्षाच्या पाठीशी मामा म्हणून त्योच उभा ऱ्हाणार. बाकीचे फोटो कसे का येईनात, त्यो एक मला बराबर पाहिजे. मोठा करून, चौकट लावून हसनाबादला द्यायचाय. एकदा त्याच्या भिंतीला लागला म्हंजे मंग त्याला मागं फिरता येत न्हाई."

आमच्याकडच्या लग्नात अंतरपाट धरला की मुलीच्या मागे तिचा मामा उभा राहतो. मामा नसला तर लोक विचारतात, आणि रुसला असला तर विचारतही नाहीत, नुसतं पाहतात. तेवीस वर्षांत मी नवरी-नवऱ्याइतकेच मामा टिपलेत. मी म्हणालो, "बिलकुल काळजी करू नका, वहिनी." आणि डायरीत तारीख लिहून घेतली.

चार दिवसांनी सर आले. गळ्यात कॅमेरा. खरा. नवा.

"कलीमभाई, ती तारीख खोडा. घरात फोटोग्राफर असताना बाहेरचा माणूस कशाला?"

मी खोडली. काय करणार? घरचं कार्य त्यांचं. गिरिजाबाईंना दिरापुढे नाही म्हणता येईना आणि रामकिसनभाऊंना भावापुढे. तरी मी सरांना प्रामाणिकपणे सांगितलं, की कॅमेऱ्याबरोबर मिळते ती साधी झूम लेन्स लावा, लेन्सचं भोक आठवर बारीक करा, फ्लॅश मारा, पुढचा-मागचा सगळा माणूस साफ येतो. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांना डोळ्याला पट्टी बांधायला सांगितलंय.

"किट लेन्स? ती नवशिक्यांची हो. मी पंच्याऐंशी एक-पॉइंट-चार घेतलीय."

म्हणजे काय, ते सांगतो. वाटीएवढी मोठी काच. तिचं भोक पूर्ण उघडलं की ज्याच्यावर नेम धरला तेवढाच चेहरा साफ येतो, आणि मागे हातभर अंतरावर जे काही असेल ते धूसर. चांगली चीज आहे, नाही म्हणत नाही. पण चांगल्या चीजेला वापरायची अक्कल फुकट मिळत नाही.

रामकिसनभाऊंनी मला वाईट वाटू नये म्हणून एक दिवस घरी चहाला बोलावलं. सर तिथे सगळ्यांना झेंडूच्या फुलाचा फोटो दाखवत होते. फूल टवटवीत, आणि मागे नुसते पिवळे-हिरवे गोळे.

"वहिनी, हे बोके बघा. काय बोके आलेत!"

गिरिजाबाईंनी मोबाईल हातात घेतला, जवळ नेला, लांब धरला. म्हणाल्या, "भाऊजी, मांजर तं कुठं दिसत न्हाई."

मी फिसकन हसलो. सर लालेलाल झाले. मग त्यांनी व्याख्यान दिलं, की हा जपानी शब्द आहे, मागचं सगळं मलईसारखं विरघळून जातं त्याला म्हणतात, आणि मोठे मोठे फोटोग्राफर यासाठी जीव टाकतात.

"मागचं सगळं?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"सगळं."

मी म्हणालो, "सर, लग्नात मागं मामा ऱ्हातो."

सरांनी चहाची बशी खाली ठेवली. "कलीमभाई, तुमचा धंदा गेला, त्याचं दुःख मी समजू शकतो."

सगळ्यांसमोर म्हणाले. मला ते झोंबलं, आणि जास्त झोंबलं कारण त्यात थोडं खरं होतं. त्या मिनिटाला मी ठरवलं, की या माणसाला आता एक शब्द सांगायचा नाही.

लग्न मे महिन्यातलं, शेतात मांडव घालून. मी पाहुणा म्हणून गेलो, इस्त्रीचा शर्ट घालून आणि हात मोकळे घेऊन. तेवीस वर्षांत असा मी कुठल्याच मांडवात उभा राहिलो नव्हतो. सरांनी आधीच माईकवरून जाहीर केलं, की कुणीही मोबाईल घेऊन पुढे यायचं नाही, फ्रेम खराब होते. वर्गात सांगतात तशा आवाजात. लोक भूगोलाला घाबरतात तसे घाबरले आणि मागे सरकले. व्हिडिओवालाही त्यांनी लावू दिला नव्हता. तेही म्हणे याच कॅमेऱ्यात होतं.

संपत आला होता. डोक्याला टोपी, नवं धोतर, चेहरा ओढलेला. गिरिजाबाई त्याच्या पाया पडल्या, त्याने नुसती टोपी सारखी केली. अंतरपाट धरला आणि गुरुजी माईकवर म्हणाले, "मुलीच्या मामांनी पाठीशी उभं राहावं." तो जाऊन आकांक्षाच्या मागे उभा राहिला. दोन्ही हात तिच्या खांद्यावर ठेवले. पहिल्या मंगलाष्टकाला त्याचा जबडा हलायला लागला, आणि तिसऱ्याला तो नऊ वर्षांचं सगळं रडला. उघड, टोपी सरकेपर्यंत. गिरिजाबाई समोरून पाहत होत्या, त्यांच्या मुठीतल्या अक्षता तशाच राहिल्या.

मी खूप रडणारे मामा पाहिलेत. असा चेहरा मी पाहिला नाही.

सर तिच्यापासून दोन पावलांवर होते, आणि तेवीस वर्षांच्या सवयीने मीही त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिलो होतो. एक डोळा मिटून त्यांनी नेम धरला तो आकांक्षाच्या नथीवर. फोटो काढला, पडद्यावर पाहिला आणि माझ्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाले, "काय मलई आलीय!" मी मान लांब करून पाहिलं. नथीतला मोती न् मोती दिसत होता. मागे संपतच्या जागी पांढरट-तपकिरी गोळा होता.

माझा मोबाईल शर्टाच्या खिशात होता. मी सरांच्या बाजूलाच होतो, मला कुणी अडवलं नसतं. हात खिशापर्यंत गेलाही. मग मनात आलं, बिघडू दे. बिघडलाच पाहिजे. उद्या सगळं गाव पाहील यांची मलई. हात मी खाली घेतला. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, संपतने डोळे पुसले.

लांबचा पल्ला म्हणून तो जेवून लगेच निघाला, ग्रुप फोटोला थांबला नाही. निघताना बहिणीला म्हणाला, "भाऊबीजेला ये." गिरिजाबाईंनी हे मला दोनदा सांगितलं, त्याच मांडवात.

आठ दिवसांनी सरांनी फोटो पाठवले. मोबाईलच्या ग्रुपवर, ज्यात संपतही होता, नथीची वाहवा झाली. हसनाबादहून संपतचा फोन आला तो रामकिसनभाऊंना. "सगळे साफ हाईत, मीच तेवढा पुसलेला. पुसायचाच व्हता तं बोलावला कशाला?" यावर आपले सर काय करतील? त्यांनी संपतला फोन लावून वीस मिनिटं लेन्सचं भोक समजावलं. समोरचा माणूस कधी फोन ठेवून गेला, हेही त्यांना कळलं नाही.

तरी तिथवर सावरता आलं असतं. गिरिजाबाई स्वतः जाणार होत्या हसनाबादला. पण सरांचा अभिमान दुखावला होता. त्यांनी मोबाईलवर एक ॲप शोधलं, जे धूसर चेहरे साफ करून देतं. त्यात फोटो घातला. ॲपला काय माहीत संपत कोण? त्याने त्या गोळ्यावर एक छान चेहरा बसवला. गुळगुळीत गाल, कोरलेली मिशी, पांढरे दात. गडी रडत नव्हता, हसत होता. सरांनी तो मोठा करून, चौकट लावून, गिरिजाबाईंना न दाखवता थेट हसनाबादला धाडून दिला.

संपतचं म्हणणं एवढंच आलं, "माझ्या जागी दुसराच मामा उभा केला. मंग आता त्यालाच धरा." त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. गिरिजाबाई गेल्या, तर दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, आत्ताच तर होते घरात.

सरांना यात आपली चूक आजही दिसत नाही. म्हणतात, खेड्यातल्या लोकांना कलेची नजर नाही. पंच्याऐंशीची लेन्स त्यांनी विकायला काढली आहे, कारण दिल्लीच्या दाढीवाल्याने एक-पॉइंट-दोनची दाखवली. माझ्या दुकानात येणं मात्र त्यांनी सोडलं. तेवढा चहा वाचला.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गिरिजाबाई आल्या. हसनाबादचं बोलावणं आलं नव्हतं. दुकानात गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत त्या दाराशी उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "कलीमभाऊ, मांडवात तुम्ही भाऊजींच्या बाजूलाच व्हते. तुमच्या मोबाईलात एखादा तरी निघंल का? हललेला, वाकडा, कसा बी चालंल. संपत रडतानी दिसला म्हंजे झालं. त्यो फोटो पाहिला का त्याला कळंल."

मी टेबलावरचे पासपोर्ट फोटो सारखे करत बसलो. मग म्हणालो, "मोबाईलची बॅटरी उतरल्ती, वहिनी."

"व्हय का," त्या म्हणाल्या. "तरीच. न्हाई तं तुम्ही काढलाच असता."