मेणबत्तीवाल्याच्या मुलीचं उत्तर

इंदूरच्या छत्रीबागेतल्या आमच्या दोन खोल्यांत येशू ख्रिस्त शिरला तो दरबारच्या बँडमास्तराच्या ट्रंकेतून. हा मास्तर इटलीचा. संस्थान मध्यभारतात विलीन झालं, बँड मोडला आणि म्हातारा मायदेशी निघाला. त्याचे रजेचे, पगारवाढीचे, शेजाऱ्याच्या कोंबड्याविरुद्धचे सगळे अर्ज बाबांनी वर्षानुवर्षं मराठीत करून दिले होते. त्या उपकाराची फेड म्हणून त्यानं जाताना आपल्या देशातली एक जुनी, जाडजूड कादंबरी बाबांच्या हातात ठेवली, इंग्रजीत उतरवलेली. यात धर्म आहे, प्रेम आहे आणि कुटुंब आहे, असं तो म्हणाला. हे ऐकून आत्या म्हणाली, “तिन्ही एका घरात ठेवले तर कलागत होणारच.”

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लहानपणी विधवा झाली आणि तेव्हापासून आमच्याकडे राहून आमच्यावर राज्य करत होती. तिचं संस्थान काही विलीन झालं नाही.

बाबा दरबारात भाषांतरकार होते. इंग्रजीचं मराठी आणि मराठीचं इंग्रजी करायचं, आणि एक मात्रासुद्धा हलू द्यायची नाही, हा त्यांचा धर्म. एका अर्जदारानं एका अंमलदाराला गाढव म्हटलं होतं, तर बाबांनी त्या अंमलदारासमोर उभं राहून भाषांतरात गाढवच वाचलं. नवं सरकार आलं आणि सगळं काम हिंदीत सुरू झालं. बाबांना खुर्ची मिळाली, काम मिळालं नाही. सरकार थंडीत ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असायचं, त्यामुळे बाबा अर्धं वर्ष तिकडे रिकामे बसायचे आणि अर्धं वर्ष इकडे. रिकामा भाषांतरकार भयंकर असतो. त्यांनी साबणाच्या वेष्टणाचंही मराठी करून पाहिलं. मग ही कादंबरी घेतली, तेव्हा आईनं सुटकेचा निःश्वास सोडला.

बाबा इंदूरला असताना दर रविवारी सकाळी चहा झाला की वाचन. नुसतं वाचन नव्हे, मुकाबला. दरबारात मुकाबला झाल्याशिवाय कुठलंही भाषांतर पुढे सरकत नसे. एकानं मूळ कागद धरायचा, दुसऱ्यानं भाषांतर मोठ्यानं वाचायचं, आणि कुठे वेगळं दिसलं की मूळ धरणाऱ्यानं “फरक” म्हणायचं. फरक म्हटलं की वाचणारा कितीही मोठा असो, थांबायचा. घरी मूळ धरायचं काम ताईचं. ती कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती आणि ओळीखाली बोट ठेवून वाचायची. बाबा खुर्चीत, ताई त्यांच्या पायाशी, आई स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत. आत्या उंबऱ्यापलीकडे पाठ करून बसायची, कारण ती सोवळ्यात असायची. सोवळ्यात ख्रिस्ताचं ऐकलं तर चालतं का, हे तिनं भटजींना विचारून घेतलं होतं. पुस्तकाला हात लावला नाही तर चालतं, असा निर्णय मिळाला. मी मॅट्रिकला होते आणि माझं काम हसायचं नाही, एवढंच होतं.

गोष्ट अशी. इटलीतल्या एका गावात एक मेणबत्तीवाला. बायको मेलेली, एकुलती एक मुलगी. चर्चला मेणबत्त्या फुकट पुरवतो आणि त्यामुळे देव आपल्या उपकाराखाली आहे अशा थाटात वावरतो. मुलगी एका होडीवाल्यावर जीव टाकते, आणि बाप तिला गिरणीवाल्याला द्यायचा शब्द देऊन बसतो. गावात एक लठ्ठ पाद्री आहे. त्याच्यापुढे येऊन मुलगी सगळं सांगते. बापही येतो, पण तो शुक्रवारी मांस खाल्लं, नोकरावर ओरडलो, असली चिल्लर पापं सांगतो. शेवटी एकदा रडत कबूल करतो की मुलीच्या बाबतीत आपलं चुकतंय. पाद्र्याला दोन्ही बाजू ठाऊक, आणि एकाचं दुसऱ्याला सांगायची त्याला धर्मानं बंदी. तो बिचारा नुसता खात सुटतो.

हे पाद्र्याकडे जाऊन पाप सांगणं मराठीत कसं आणायचं यावर आमच्याकडे दोन रविवार गेले. बाबांनी ‘पापनिवेदन’ केलं, ताईला ते सत्यनारायणाच्या पोथीतलं वाटलं. ‘कबुलीजबाब’ म्हटलं तर पोलीस ठाणं डोळ्यांपुढे यायचं. आत्याचा मूळ पद्धतीलाच विरोध होता. “देवाला सगळं दिसतं ना? मग मधी हा दलाल काहे को?” आई तांदळातून मान वर न करता म्हणाली, “चुलीशी येऊन सगळे मला सांगतात, तसंच असेल.” बाबांनी ते काही लिहून घेतलं नाही.

दुसरी पंचाईत कादंबरीत पानोपानी येणाऱ्या अंतःकरणाच्या टोचणीची. बाबांनी तिथे ‘सदसद्विवेकबुद्धी’ घातलं. हा शब्द उच्चारून होईपर्यंत माणूस पाप करून घरी परत येतो. आईनं सुचवलं, “मन खातं म्हणा की.” हे मात्र बाबांनी घेतलं, आणि पुढच्या तीनशे पानांत इटलीतल्या झाडून सगळ्यांचं मन त्यांना खात राहिलं. येशूच्या आईबद्दल आत्याला मनापासून माया वाटायची. सासुरवास होता का तिला, एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारायची.

इकडे त्याच उन्हाळ्यात ताईचं लग्न ठरलं. स्थळ इंदूरजवळच्या बेटम्याचं. मुलाचे वडील दरबारात बाबांचे वरिष्ठ होते, आता बेटम्याला शेती बघत होते. मुलगा बघायला आला, दोन बशा पोहे आणि शेव संपवली, आणि एकच प्रश्न विचारला, कॉलेज कधी सोडणार. त्याच्या वडिलांनी हसत विचारलं, “मुलगी फार बोलत तर नाही ना?” बाबा म्हणाले, “नाही नाही.” सुपारी फुटली, वैशाखातली तिथी निघाली.

ताईला हे लग्न नको होतं. तिचं मन दुसरीकडे कुठे गुंतलं होतं का? नव्हतं. होडीवाला वगैरे कोणी नव्हता, हे इंदूरच्या लोकांना शेवटपर्यंत पटलं नाही. तिला बी. ए. व्हायचं होतं आणि तो माणूस आवडला नव्हता, एवढंच. हे तिनं चुलीपाशी आईला सांगितलं, आणि वर म्हणाली, “बाबांना सांगितलंस तर माझी शपथ आहे तुला.” त्यांनी शब्द दिलाय, त्यांची मान खाली जाईल, म्हणून.

आणि चार दिवसांनी त्याच चुलीपाशी बाबा आले. फार बोलत तर नाही ना, या प्रश्नापासून त्यांचं मन त्यांना खात होतं. “आपण चुकलो असं वाटतंय,” ते आईला म्हणाले. “पण शब्द गेलाय. मुलीला यातलं काही कळता कामा नये. माझी शपथ आहे.”

आमच्याकडे शपथ मोडली की ज्याची घेतली तो मरतो. आई चौथी शिकलेली, पण हा हिशेब तिचा पक्का होता. इकडे बोलावं तर मुलगी जाणार, तिकडे बोलावं तर नवरा. हे सगळं तिनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. त्या वेळी मला दिसलं ते इतकंच की आई काही बोलेना आणि भाजीत मीठ दोनदा पडू लागलं. लग्नाची तयारी मात्र जोरात चालू होती. शालू आला, आत्यानं मुहूर्ताची हळद कुटली, आणि ताई एखाद्या पाहुणीसारखी घरात वावरत होती. मला तिची फार दया यायची आणि रागही यायचा. बोल ना, असं वाटायचं.

मग तो रविवार आला. कादंबरीतलं लग्न. सगळं गाव चर्चमध्ये जमलंय, बापाच्या मेणबत्त्या ढणाढणा जळताहेत. त्यांच्याकडे पाद्री भर लग्नात मुलीला विचारतो की तू आपल्या मर्जीनं हे लग्न करते आहेस ना, आणि तिचं उत्तर येईपर्यंत पुढे सरकत नाही. बाबांनी हा प्रश्न चांगला ठसक्यात वाचला. मग घसा साफ केला आणि वाचलं, “मुलीनं मान खाली घातली आणि म्हणाली, हो.” आणि लगेच पान उलटून भरभर पुढे निघाले.

“फरक,” कोणीतरी म्हणालं.

ताई नव्हती ती. आई होती.

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुला इंग्रजी कधीपासून यायला लागलं?”

“मला कुठलं येतंय. तुम्ही पान उलटलं, आणि तिचं बोट तिथंच थांबून राहिलंय.”

आम्ही सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. तिचं बोट पानाच्या मधोमध रुतून बसलं होतं. आत्या उंबऱ्यापलीकडून म्हणाली, “अगं, बोट दुखत असेल पोरीचं! चला पुढे.”

पण फरक म्हटल्यावर पुढे जायचं नसतं. तीस वर्षांची सवय होती. बाबा ताईला म्हणाले, “मुळात काय आहे?”

“तुम्हाला माहीत आहे, बाबा.”

“मूळ तुझ्या हातात आहे. वाच.”

“नो,” ताईनं वाचलं. तेवढं मराठी तर मलासुद्धा करता आलं असतं.

गाढवाला गाढव म्हणणाऱ्या माणसानं एका मुलीच्या नाहीचं हो केलं होतं, आणि ते स्वतःच्या मुलीपुढे बसून. बाबांचे कान लाल झाले. त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. मग अगदी हळू विचारलं, “आणि तुझं? बेटम्याचं?”

“नाही, बाबा,” ताई म्हणाली आणि पुस्तकावर डोकं टेकून रडायला लागली.

मग आत्यानं जे काही सुरू केलं ते विचारू नका. सोवळं वगैरे विसरून ती उंबरा ओलांडून आत आली. “सुपारी फुटली आहे! मजाक समजून राहिले का तुम्ही लोक? तो पाद्री विचारतो म्हणून आपण विचारायचं? उद्या पाद्री सूप पितो, तर आपण पण प्यायचं का?” आई तांदळाचं सूप बाजूला ठेवून ताईच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिनं कुठलीच शपथ मोडली नव्हती, आणि दोघंही जिवंत होती.

बाबांनी दौत ओढली, ‘हो’ खोडलं आणि वर ‘नाही’ लिहिलं. “शब्द मी दिला,” ते म्हणाले. “परत घ्यायलाही मीच जातो.”

जायचंच असेल तर निदान कारण नीट सांग, असा आत्याचा आग्रह पडला. “पत्रिकेत मंगळ निघाला म्हण. मंगळाचं काय, तो बिचारा तक्रार घेऊन यायचा नाही.” सल्ला अगदी व्यवहारी होता. अशा शेकडो सुपाऱ्या मंगळाच्या डोक्यावर परत गेल्या आहेत. बाबांनी तो घेतला नाही. सोमवारी रजा टाकून, कोट-टोपी घालून ते धार रोडच्या मोटारीनं बेटम्याला गेले, आणि तिथे खरं तेच सांगून आले.

त्याची फळं आम्ही दोघींनी पुढे बरीच वर्षं चाखली. इंदूरच्या मराठी घरांत छत्रीबागेतलं ते घर म्हणून आमची ख्याती झाली. कृष्णपुऱ्याला बाबा फिरायला गेले की ओळखीचे लोक तिथल्या राजघराण्याच्या समाधीच्या छत्र्यांचं कोरीवकाम बघायला लागायचे, जन्मात कधी बघितलं नव्हतं तरी. ताई बी. ए. झाली, बी. टी. झाली, शाळेत लागली, आणि एकतिसाव्या वर्षी एका विधुर मास्तरांशी लग्न करून सुखात राहिली. कादंबरीतल्या मेणबत्तीवाल्यानं मात्र देवावर रुसून चर्चचा पुरवठा बंद केला, आणि पुढचे दोन अध्याय गाव अंधारात राहिलं.

पण मला अजून टोचते ती त्या सोमवारची संध्याकाळ. बाबा परत आले ते धुळीनं भरून. त्यांना तिथे कोणी पाणीही विचारलं नव्हतं. ते हातपाय धुऊन पाटावर बसले. आई भाकरी थापत होती. ताईनं ताट वाढलं आणि विचारलं, “काय म्हणाले ते?”

“म्हणाले, मुलीला कधी कोणी विचारतं का?”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, मलाही माहीत नव्हतं.”

ताईला पुन्हा रडू फुटलं. मीही रडले. आत्यासुद्धा पदरानं नाक पुसत होती. आई तव्यावरची भाकरी उलटत अगदी सहज म्हणाली, “मला पण कुठं कोणी विचारलं होतं.”

बाबांचा घास हातातच राहिला. पंचवीस वर्षांचा संसार, दोन मुली, आणि हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. ते आईकडे वळून बसले आणि म्हणाले, “विचारलं असतं, तर काय म्हणाली असतीस?”

आई थांबली. तिनं आमच्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग म्हणाली, “आधी जेवा. भाकरी गार होतेय.”

बाबा जेवले. बाबा फार सज्जन होते, आणि माझं त्यांच्यावर फार प्रेम होतं. पण पुढे ते सतरा वर्षं जगले आणि त्यांनी तिला दुसऱ्यांदा विचारलं नाही. याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.