नुसतं ‘मम’

निरांजनाच्या वाती निम्म्याच वळून झाल्या होत्या आणि आशाबाईंच्या बोटांना कापूस चिकटून बसला होता. एरवी हात आपोआप चालायचा. आज एक वात धड होईना; कुठं जाड, कुठं बारीक.

समोर जेवणाच्या टेबलावर सून तनुजा उद्याच्या तासाची तयारी करत होती. ती ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायची, आणि धडा आधी घरी मोठ्यानं म्हणून बघायची तिची सवय. आजचा धडा राजाचा होता. काही देशांत अजून राजा आहे, मुकुट आहे, आणि लोकांनी निवडलेलं सरकारही आहे. कायदा संसद करते, सही राजाची. फौज त्याच्या नावानं, न्यायनिवाडा त्याच्या नावानं. संसदेत भाषणही तोच वाचतो, पण ते लिहून देतात मंत्री.

“म्हणजे मम म्हणणारा,” आशाबाई म्हणाल्या.

तनुजाला हसू आलं. पूजेत सगळा संकल्प गुरुजी म्हणतात, यजमानानं पाणी सोडताना तेवढं ‘मम’ म्हणायचं. पोरांना हे पटकन कळेल, उद्या वर्गात हेच सांगते, म्हणाली. आशाबाईंना कालपासून पहिल्यांदाच जरा हलकं वाटलं. एवढे मोठे राजेसुद्धा तेच करत असतील, तर आपल्या हातून असं काय मोठं झालं?

कारण त्याही मम म्हणणाऱ्याच होत्या. कॉलनीतल्या देवीच्या मंदिराची जागा त्यांच्या सासऱ्यांनी दिलेली, म्हणून समितीचं अध्यक्षपद घरातच राहिलेलं. नवऱ्याला, आप्पासाहेबांना, पेपर आणि क्रिकेट सोडून कशातच रस नाही, तेव्हा सासऱ्यांमागं तो मान सुनेकडं, म्हणजे आशाबाईंकडं आला. नवरात्रात पहिली ओटी आशाबाईंची. देवीला मुकुट चढवताना ताटाला पहिला हात त्यांचा. बाकी सगळं कॉलनीनं निवडलेली समिती ठरवायची, आणि समिती म्हणजे सचिव सखाराम. तो कागद घेऊन यायचा, या “तू बघितलंयस ना?” विचारायच्या आणि सही करायच्या. एकदा तो म्हणाला होता, काकू, तुमच्या सहीचा शिक्काच करून घेऊ, उगी त्रास नको. पोरगं किती काळजी करतं, असंच तेव्हा त्यांना वाटलं होतं.

गेल्या आठवड्यातला कागदही तसाच. गॅसवर दूध वर आलेलं. दाराशी नवी फरशी बसवायची, एवढंच सखारामनं सांगितलं. ओल्या हातानं सही झाली.

मग काल त्या कापूस-कापूर आणायला शहागंजच्या बाजारात गेल्या, तर रस्त्याच्या कडेला भर उन्हात गोजरबाई फुलांची पाटी घेऊन बसलेली. गोजरबाईची जागा मंदिराच्या दाराशी, लिंबाच्या सावलीत. कित्येक वर्षं आशाबाईंची झेंडू-दूर्वा तिच्याकडूनच. ती जागा रिकामी दिसली तेव्हा त्यांना वाटलं, गेली असेल फर्दापूरला लेकीकडं. म्हणून त्या लटक्या रागानंच बोलल्या, न सांगता कुठं पळालीस गं?

गोजरबाईनं फुलं पुड्यात बांधली आणि मग, अजिबात न चिडता, म्हणाली, “बाई, कागदावर तुमचं नाव होतं, म्हणून उठले. नुसता सखाराम बोलला असता तर लई भांडले असते मी.”

दारावर नोटीस लागली होती. अध्यक्षांच्या आज्ञेवरून, दाराशी कुणी बसू नये. शेजारच्या चहावालीनं ती गोजरबाईला वाचून दाखवली होती. आशाबाई रोज त्याच दारातून आत गेल्या होत्या. हात जोडलेले, डोळे देवीकडं. कागद काही दिसला नव्हता.

मला ठाऊक नव्हतं, हे वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. स्वतःच्या सहीखाली काय आहे ते ठाऊक नव्हतं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? गोजरबाईनं नेहमीसारखं एक फूल वर घातलं, देवीला माझ्याकडून म्हणून. घरी येईतो तो पुडा हातात जड झाला होता.

तनुजानं पान उलटलं. “पण आई, तुमचं ते मम इथं कमी पडतं बरं का. राजाला ठरवता येत नाही, पण सही करायच्या आधी विचारता येतं. सल्ला देता येतो, सावध करता येतं. तेवढंही करायचं नसेल तर माणूस कशाला बसवायचा? रबरी शिक्का पुरला असता.”

आशाबाईंची मान खाली गेली. हातातली वात सुटून उकलली.

“आणि त्यानं कधी विचारलंच नाही तर?”

“तर कुणाला कळत नाही,” तनुजा पुस्तकातच बघत म्हणाली. “नाव मात्र त्याचंच लागतं.”

नोटीस फाडायचा अधिकार आशाबाईंना नव्हता. ठराव समितीचा होता. गोजरबाईपुढं परत उभं राहायचं तर त्याआधी एक काम होतं, आणि ते कितीतरी आधी व्हायला हवं होतं. त्यांनी पदराला बोटं पुसली, कापूस तसाच परडीत टाकला आणि चपला घातल्या.

त्या सखारामच्या घरी निघाल्या, ही नोटीस कशासाठी काढली ते विचारायला.