डेमो रूममध्ये काय काय ऐकू येतं

किस्से सांगून येत नाहीत, गिऱ्हाइकाच्या मागनं गुपचूप दुकानात शिरतात. सात रस्ता चौकाजवळ आमचं होम थिएटरचं दुकान आहे. मी आणि माझा पार्टनर मल्लिनाथ. शटर ओढताना आम्ही एकमेकांकडं बघतो: आज हे खरंच घडलं?

बार्शीच्या एका अडत व्यापाऱ्यानं पाच स्पीकर नेले. तीन पुढं, दोन सोफ्याच्या मागं, असं नीट समजावून दिलं होतं. काही दिवसांनी तक्रार आली, "मागनं आवाजच न्हाय!" गेलो तर पाचही टीव्हीखाली ओळीनं! "अहो, मागचे दोन?"

"मागं ठिवल्यावर पाहुण्यांना दिसणार कसे?"

मी मागच्या वायरी गुंडाळून पिशवीत टाकल्या!

दुसरं एक गिऱ्हाईक स्पीकर घ्यायला तयार, ॲम्प्लिफायर मात्र नको. "त्याच्याशिवाय स्पीकरला ताकद मिळत नाही," मल्लिनाथ म्हणाला.

"घरात लाईट हाय की! थेट बोर्डात घालतो."

आम्ही दोघं दारात आडवे झालो, म्हणून स्पीकर वाचले!

मंद्रूप गावात एकाच्या घरी सबवूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, बसवला. पहिलाच दणका वाजला आणि शेजारची म्हैस दावं तोडून रस्त्यावर! तिच्यामागं शेजारी, शेजाऱ्यामागं मी. धापा टाकत माफी मागायला परतलो, तर गिऱ्हाईक खूश: "हाच ठिवा! लई दमदार हाय!"

एकदा एक काका मुलीबरोबर आले. काकांची सगळी हयात यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेली. मल्लिनाथनं फुल व्हॉल्यूम लावला. काचा थरथरल्या, मी कान झाकले. काका शांत बसलेले. मग म्हणाले, "लावा की आता."

आम्हाला हसू आलं नाही. मुलीनं त्यांचा हात धरून सबवूफरवर ठेवला. "हां... वाजतंय की!" काका म्हणाले.

आणि ही अगदी परवाची गोष्ट. पन्नाशीतलं एक जोडपं सेंटर स्पीकर बघायला आलं. "ह्यातनं माणसांचं बोलणं सुटं सुटं ऐकू येतं," मी म्हणालो.

"मग आमच्या लग्नाचा व्हिडिओ लावा की!" साहेबांनी हौसेनं पेन ड्राइव्ह काढला. दर वर्षी दोघं मिळून घरच्या टीव्हीवर बघतात म्हणे.

मंगलाष्टकं संपली. अंतरपाट सरकला. आणि सनईच्या मागनं नवरीची कुजबुज स्वच्छ ऐकू आली: "आई, बघायला आला हुता त्यो ह्यो न्हायच!"

मल्लिनाथच्या हातातला रिमोट पडला. साहेबांनी पडद्याकडं बघितलं, मग बायकोकडं.

बाई जागच्या हलल्या नाहीत. पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "दादा, ह्यो नको. जरा कमी ऐकू येणारा दाखवा की."