सैल सोडलेली चेन

१४ डिसेंबर. आज अंधेरीच्या वर्कशॉपमधलं कपाट आवरताना जुन्या ग्रीसचा वास आला आणि हिमाचल आठवलं. आम्ही दुरुस्त केलेली, रणगाड्यासारखी चेनवर चालणारी बर्फातली गाडी पोचवायला मी आणि आमचा फिटर गेलो होतो. वरच्या वस्तीत एका गरोदर बाईचे दिवस भरले होते, रस्ता बर्फाने बंद होता आणि तिला याच गाडीने दवाखान्यात आणायचं होतं. पहिल्याच चढावर गाडी करकरून अडली. चेन मीच आवळली होती. इथे मुंबईत कचऱ्याच्या डोंगरावर डोझरची चेन सैल दिसली तर मेकॅनिकची अब्रू जाते. तिथे मात्र चाकाच्या दात्यांत बर्फ भरून दगड झाला होता आणि चेन तुटायच्या बेताला आली होती. "ताई, वाट लागली! अजून आवळू?" फिटर म्हणाला. तिथला म्हातारा ड्रायव्हर हसला, "तुम्ही मुंबईवाल्यांनी बर्फ फक्त उसाच्या रसात बघितलाय. चेन सैल सोडा, शिरलेला बर्फ चालता चालता गळून पडेल." चूक माझी, म्हणून पहार मीच घेतली. अंधार पडेपर्यंत बर्फ फोडला, चेन ताणून धरणाऱ्या नळीतलं ग्रीस बाहेर सोडलं आणि चेन चार बोटं लोंबू दिली. त्या आवळण्याचा मला आजही राग येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरशेजारी बसून मी वर गेले आणि त्या बाईचं डोकं मांडीवर घेऊन तिला दवाखान्यापर्यंत आणलं.