कुंदाचा पत्ता

रविवारची जेवणं उरकलीत. हे आतल्या खोलीत तोंडावर पेपर घेऊन घोरताहेत. मी आईंच्या खोलीत, कॉम्प्युटरच्या टेबलाखाली पाय घालून गार फरशीवर आडवी झालेय. मशीनचा पंखा घुर्र घुर्र चाललाय. संध्याकाळी एक माणूस येऊन हे मशीन घेऊन जाणार आहे आणि मला झोप येतेय, याचाच मला राग येतोय.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, इंदुमती. बार्शीच्या तार ऑफिसात त्यांनी नोकरी काढली. सरकारनं तार बंद केली तेव्हा त्या अशा चिडल्या की घरच्या साध्या कॉम्प्युटरवर, ज्यावर आमचा लेक गेम खेळायचा, त्यांनी मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर बसवलं. म्हणजे घरचं स्वतःचं पोस्ट. पत्र आमच्याच घरातून निघणार आणि आमच्याच घरात येणार, मध्ये कुठल्या कंपनीच्या उंबऱ्याला पाय लागणार नाही. लोक हसले. घरच्या मशीनवर असलं कुणी चालवतं का? ते मध्येच झोपतं, मनाला येईल तेव्हा अपडेट घ्यायला बंद पडतं. आईंनी त्याची झोप काढून टाकली, अपडेटला वेसण घातली आणि बटणावर चिकटपट्टी मारली. गेल्या भाद्रपदात त्या गेल्या. जाताना यांना सांगून गेल्या, ‘माझ्यामागं ते बंद करा.’ हे पडले आज्ञाधारक चिरंजीव. मशीन न्यायला माणूस ठरवून मोकळे.

पंख्याचा आवाज लांब जातो. माझे डोळे मिटलेत की उघडे आहेत, कळत नाही. टेबलाखालून मला दोन पाय दिसतात. भेगाळलेल्या टाचा, भेगांत चोळलेलं कोकम तेल.

“झोपलीस?” आई विचारतात.

“नाही.”

“खोटं बोलू नकोस. झोपल्याशिवाय मी दिसले असते का?”

त्या स्टुलावर बसल्यात. चष्मा दोरीला लटकतोय. मशीनचं झाकण उघडून त्या रंगाच्या जुन्या ब्रशनं आतली धूळ झाडताहेत.

“अजून चालू आहे?”

“आहे.”

“मी बंद करा म्हटलं होतं.”

“हो.”

“मग?”

मी उठून बसते. लग्न होऊन आल्यापासून मी ‘हो आई’ या दोन शब्दांवर संसार केला. आज ते दोन शब्द तोंडातून निघत नाहीत.

मी उभी राहते तो खोलीला भिंत नाही. समोर तार ऑफिसची जाळी आहे. आई जाळीच्या आत, मी बाहेर रांगेत एकटीच, आणि मशीन मधल्या फळीवर घुरघुरतंय.

“अगं, माझा हट्ट होता तो,” आई म्हणतात. “देवघरात चूल मांडावी, तसला. पेटते, पण कुणीतरी सारखं राखत बसावं लागतं. लाइट गेली की तू धावतेस. मोठ्या कंपन्या आपली पत्रं दारातूनच परत लावतात, की तू परत पाठवत बसतेस. कशाला तुझ्या गळ्यात ही धोंड?”

“मी नाही पाठवत, सर्व्हर पाठवतो. कुणी नाही म्हटलं की तो जरा थांबतो आणि पुन्हा दार वाजवतो. तुम्हीच शिकवलंत.”

“ते मी सर्व्हरला शिकवलं. तुला नाही.”

“मी बघून शिकले.”

आई चष्म्यावरून माझ्याकडे बघतात. “मेलचा पत्ता काय, दुसरीकडे मिळेल. फुकट वाटतात.”

“बघितलं मागून. कुंदा शिल्लक नाही. आधीच कुणीतरी घेतलंय. म्हणतात, नावामागं आकडे लावून घ्या. मला शेपूट नको.”

कुंदा हे माझं माहेरचं नाव. लग्नात आईंनी ते बदललं. यांचं नाव विद्याधर, त्यातलं अर्धं कापून मला दिलं आणि मी विद्या झाले. रेशनकार्डावर विद्या, बँकेत विद्या, लेकाच्या शाळेत विद्या. मग सर्व्हर बसवला त्या दिवशी आईंनी मान वर न करता विचारलं, “तुझ्या पत्त्याला काय नाव घालू?” आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच कुंदा टाइप केलं. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्या पत्त्यावर इंदूरहून हेमलता लिहिते, माझी शाळेतली मैत्रीण. ‘कुंदे’ म्हणून सुरुवात करते आणि वाचता वाचता मी सरळ बसते. जगात कुंदा आता तेवढ्या एकाच ठिकाणी राहते.

आईंचा हात जाळीतून बाहेर येतो. त्या बटणावरची चिकटपट्टी नखानं सोलायला लागतात. मी त्यांचं मनगट धरते. उभ्या जन्मात मी त्यांना असं धरलेलं नाही. मनगट ऊबदार आहे. मला रडू येतं, आणि राग काही कमी होत नाही.

“सोड.”

“नाही सोडणार.”

“सासूला उलट बोलतेस?”

“बोलते. नाव पुसलं तुम्ही, परत दिलं तुम्ही. आता तिसऱ्यांदा तुम्हीच ठरवायचं? नाही जमणार आई.”

सनई वाजतेय. जाळीच्या जागी पाट आहे, फळीच्या जागी तांदळाचं ताट. दाण्यांत अंगठीनं ‘विद्या’ लिहिलंय. मी आडवा हात फिरवून ते सपाट करते.

“माझंही माहेरचं नाव पुसलं होतं,” आई हळू म्हणतात. “तेव्हा सर्व्हर नव्हता.”

“आता आहे ना?”

“आता मी गेलेय.”

“पत्त्याला जिवंत माणूस लागतं, असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत.”

“मला कोण लिहिणार?”

“मी लिहीन.”

आई हसतात. हसताना त्या पदर तोंडाला लावत नाहीत, हे मी पहिल्यांदा बघते. मग त्या माझं बोट धरतात आणि माझ्याच बोटानं तांदळात एकेक अक्षर काढतात. दाणे बोटाखाली टकटक वाजतात. कुठेतरी घंटा वाजते, पुन्हा वाजते.

दारावरची बेल आहे. मी टेबलासमोर खुर्चीत बसलेय. खुर्चीत कधी आले, कोण जाणे.

“अगं, तो माणूस आलाय,” हे पेपरची घडी घालत दारात येतात. “वायरी काढ.”

“मशीन जाणार नाही.”

“काय? अगं, आईनं सांगून ठेवलंय...”

“त्यांच्याशी बोलले मी.”

हे माझ्याकडे बघतात, मग माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे. मीही वळते. मी आडवी झाले तेव्हा स्क्रीन बंद होता. आता नवीन पत्ता उघडायची चौकट समोर आहे आणि नावाच्या जागी लिहिलंय, द्वारका.

“ही द्वारका कोण?” हे विचारतात.

“तुमची आई,” मी म्हणते आणि पत्ता पक्का करते.