नात केवढी झाली?

मे महिन्यात लेक नातीला घेऊन कॅनडाहून येणार, म्हणून मी आणि सुमन रिसॉर्ट ठरवायला ट्रॅव्हल ऑफिसात गेलो होतो. तिथे दाखवलेल्या दोन रिसॉर्टांपैकी एकाच्या पार्कात मोठमोठे पाळणे होते, पण चार फुटांखालच्या मुलांना तिथे बसू देत नाहीत. दुसरं अगदी लहानांसाठी होतं.

“नात किती उंच आहे, काका?” काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

सुमनने कमरेपाशी हात धरला, मी छातीपाशी. मग आम्ही एकमेकांच्या हातांकडे बघत राहिलो. ईरा रोज फोनवर दिसते. तिचा पडलेला दात आम्हाला माहीत आहे, नवा चष्माही. पण पडद्यावर मावतो तो चेहराच. मूल केवढं झालं, हे त्याला पोटाशी धरल्यावरच कळतं, आणि तिला धरून चार वर्षं झाली.

शेवटी तिथूनच लेकीला फोन लावला. तिने ईराला भिंतीशी उभं करून मोजलं.

“चार फूट दोन इंच!” ईरा ओरडली.

मोठं पार्क ठरलं. तेवढ्यात तिने विचारलं, “आजी, तू किती उंच आहेस गं?”

फोनवर नुसता आवाज होता, तरी सुमन खुर्चीतून उठून ताठ उभी राहिली.